बेस्टची वीज येते कुठून, दर ठरतो कुठे?

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत आपण विजेचं बिल बेस्टला भरतो. पण बेस्ट स्वतः वीज तयार करत नाही. ती मुख्यतः टाटा पॉवरकडून विकत घेते, ३३ आणि ११ हजार व्होल्टच्या केबलींनी उपकेंद्रांत आणते आणि दाब उतरवून चाळीतल्या मीटरपर्यंत २३० व्होल्टवर पोहोचवते.

दरही बेस्ट ठरवत नाही. ती फक्त प्रस्ताव देते. ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, तोही हरकती मागवून, जनसुनावणी घेऊन. या सुनावणीकडे आपण कार्यकर्ते फिरकत नाही, हे कबूल करायला हवं. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज त्यांच्याच खात्यात होती. स्वस्त, मुबलक विजेचा आग्रह त्यांनी धरला होता. आणि हरकत मराठीतही देता येते.