मराठवाड्यातील वासंतिक गारपीट

मराठवाड्यातील वासंतिक गारपीट म्हणजे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागात साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गडगडाटी वादळांसह होणारी गारांची वृष्टी. ही वृष्टी बहुधा काही मिनिटेच टिकते. तथापि रब्बी पिकांच्या काढणीचा व आंब्याच्या मोहराचा हाच काळ असल्याने तिच्यामुळे होणारी हानी मोठी असते. हिमालयातील गुलमर्ग, औली यांसारख्या स्कीइंग केंद्रांवर वसंताच्या सुमारास बर्फ पाडणारे पश्चिमी विक्षोभ मराठवाड्यातील गारपिटीसही अनेकदा कारणीभूत ठरतात.

पारंपरिक भारतीय ऋतुगणनेनुसार माघ-फाल्गुन हा शिशिर व चैत्र-वैशाख हा वसंत होय. गारपिटीचा काळ या दोन ऋतूंच्या सांध्यावर येतो.

हिम आणि गार

गारपिटीनंतर शेते व रस्ते पांढरे होतात आणि ‘काश्मीर अवतरले’ अशा मथळ्याच्या बातम्या प्रसिद्ध होतात. दिसण्यात साम्य असले तरी हिम व गार यांची घडण वेगळी आहे. हिमकण ढगातील बाष्पाचे थेट स्फटिकात रूपांतर होऊन तयार होतो. तो हलका असून सावकाश खाली येतो. ताज्या हिमाच्या थरात हवेचे प्रमाण पुष्कळ असते. त्यामुळे हा थर पांघरुणासारखा जमिनीतील ऊब टिकवून धरतो.

गार हा मात्र घट्ट बर्फाचा गोळा असतो. सामान्यतः ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाच्या गोळ्यास गार म्हणतात. सुमारे अडीच ते साडेचार सेंटिमीटर व्यासाच्या गारा ताशी अंदाजे ४० ते ६५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतात. वादळी वाऱ्याची जोड मिळाल्यास त्या तिरप्या येतात व पिकांना बाजूनेही मार बसतो.

निर्मितीची प्रक्रिया

गारा गर्जन्मेघांत तयार होतात. मार्च महिन्यात मराठवाड्यातील जमीन दुपारपर्यंत चांगलीच तापते. तापलेली हवा वर चढते. वर जाताना ती थंड होते व तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू बनतात. हवेचे तापमान शून्य अंश सेल्सिअस असते त्या उंचीस गोठण पातळी म्हणतात. तिच्या वर गेलेले अनेक जलबिंदू लगेच गोठत नाहीत, शून्याखालील तापमानातही ते द्रवरूप राहतात. अशा अतिशीत जलबिंदूंची एखाद्या बर्फकणाशी टक्कर झाली की ते त्यावर गोठतात. ऊर्ध्व प्रवाह जोरदार असेल तर हा कण ढगात तरंगत राहतो आणि त्याचा आकार वाढत जातो. गार कापून पाहिल्यास तिच्यात दुधी व पारदर्शक बर्फाचे थर आढळतात. पाणी झटकन गोठले तर हवेचे बुडबुडे अडकून थर दुधी होतो; सावकाश गोठले तर तो पारदर्शक होतो. गारेचे वजन ऊर्ध्व प्रवाहास पेलेनासे झाले म्हणजे ती खाली पडते.

पावसाळ्यात ढग पुष्कळ असूनही मराठवाड्यात गारा क्वचितच पडतात. त्या काळात गोठण पातळी अधिक उंचावर असते, ढगातील ऊर्ध्व प्रवाह तुलनेने सौम्य असतात आणि बर्फकणास उबदार व दमट हवेच्या जाड थरातून खाली यावे लागते. त्यामुळे तो वाटेतच वितळतो.

पश्चिमी विक्षोभांशी संबंध

पश्चिमी विक्षोभ ही भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकणारी वातावरणीय प्रणाली आहे. हिवाळ्यात व वसंताच्या प्रारंभी हिमालयात पडणारे बर्फ प्रामुख्याने या प्रणालींमुळे पडते. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्ग आणि सुमारे २,५०० ते ३,००० मीटर उंचीवरील औली येथील स्कीइंगचा हंगाम त्यांच्यावरच अवलंबून असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्ग येथे पुरेसे बर्फ नसल्याने खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धांचा तेथील टप्पा पुढे ढकलावा लागला व तो मार्चमध्ये पार पडला. वसंतात तेथील बर्फ दिवसा उन्हाने ओलावते व रात्री पुन्हा गोठते. त्यामुळे पृष्ठभाग सकाळी कठीण, तर दुपारी मऊ व जड असतो, आणि ऊन वाढले की उतारांवर हिमस्खलनाचा धोकाही वाढतो.

विक्षोभाचा प्रभाव दक्षिणेकडे पसरला म्हणजे मध्य भारतावर उंचावरील थरांत थंड, कोरडी हवा येते. त्याच वेळी खालच्या थरांत बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे येत असतील, तर वर थंड आणि खाली उष्ण-दमट अशी अस्थिर रचना निर्माण होते. कर्नाटकापासून मराठवाडा-विदर्भापर्यंत कमी दाबाचा पट्टा असल्यास भिन्न दिशांचे वारे एकत्र येऊन ढगांच्या वाढीस चालना मिळते. अशा रीतीने हिमालयात बर्फाच्या रूपाने पाण्याचा साठा करणारी प्रणाली दख्खनच्या पठारावर पिकांच्या नाशास कारण होऊ शकते.

पिके व हानीचे स्वरूप

बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ तालुक्यातील सिरसाळा हा परिसर बालाघाटच्या डोंगररांगा व गोदावरीचे पात्र यांच्या दरम्यान आहे. अशा भागांत फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची कणसे भरलेली असतात, गहू पिवळा पडू लागलेला असतो आणि हरभऱ्याची काढणी चालू असते. या अवस्थेत पिकाला नवी फूट येऊन नुकसान भरून निघण्यास वेळ उरत नाही. पीक वाढीच्या प्रारंभी झालेल्या गारपिटीपेक्षा काढणीच्या वेळची गारपीट अधिक घातक ठरते ती यामुळे.

ज्वारी आडवी पडते व भिजलेले दाणे काळे पडतात. कडबा कुजल्याने जनावरांच्या वैरणीचाही प्रश्न उभा राहतो. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे मातीत मिसळतात. गव्हाच्या ओंब्या तुटतात. आंब्याचा मोहर व लहान कैऱ्या झडतात. मराठवाड्यातील केसर आंब्यास भौगोलिक मानांकन असल्याने ही हानी विशेष जाणवते. मोसंबी व डाळिंबाच्या फांद्यांची साल सोलली गेली की जखमांतून बुरशीचा प्रादुर्भाव होतो, आणि त्याचे परिणाम पुढील बहरावरही दिसतात. उघड्यावरील शेळ्या-मेंढ्या, पक्षी व क्वचित माणसेही गारपिटीत दगावतात.

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि वसंतात परततात. गारपिटीच्या काळात अशा घरांतील शेताची राखण बहुधा वृद्धांकडे असते, तर ऊसतोड मजूर स्वतः फडाजवळच्या कोप्यांमध्ये वादळास तोंड देत असतात.

उल्लेखनीय घटना

जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार सर्वाधिक जीवितहानी झालेली गारपीट भारतातच, ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबादजवळ झाली. तीत २४६ जण मृत्युमुखी पडले.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत वारंवार गारपीट झाली. एरवी एक-दोन दिवसांत ओसरणारे संकट या वेळी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले व मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागाला त्याची झळ बसली. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता ५ मार्चपासून लागू असल्याने मदत जाहीर करण्यासाठी निवडणूक आयोगाची अनुमती घ्यावी लागली. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना, बीड आदी जिल्ह्यांत गारपीट झाली. मार्च २०२३ च्या मध्यास मराठवाड्यात पुन्हा अवकाळी पाऊस व गारपीट झाली. त्याच सुमारास जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू असल्याने पंचनाम्यांचे काम रखडले.

नुकसानीची नोंद व भरपाई

गारपिटीची नोंद करणे पाऊस मोजण्याइतके सोपे नाही. गारांचा पट्टा अनेकदा काही किलोमीटरच रुंद असतो. एका गावाचे शिवार उद्ध्वस्त होते आणि शेजारचे गाव कोरडे राहते. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावर पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांची नोंद होते. गारांचा आकार व मारा त्यातून कळत नाही. शिवाय गारा काही तासांत वितळतात. त्यामुळे पंचनाम्यासाठी येणाऱ्या तलाठी व कृषी सहायकांना गारा नव्हे, पिकावरील खुणाच पाहाव्या लागतात. शेतकऱ्याने उरलेले पीक वाचवण्यासाठी शेत लवकर आवरावे, तर या खुणाही नाहीशा होतात.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत गारपीट व हिमस्खलन या दोन्हींचा अधिसूचित आपत्तींत समावेश आहे. पूर्वी ५० टक्के किंवा अधिक पीकहानी झाल्यासच मदत मिळत असे. २०१५ मध्ये ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीस स्थानिक आपत्ती मानून ७२ तासांच्या आत सूचना देण्याची व शेतनिहाय पाहणीची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्राने २०२५ च्या खरीप हंगामापासून विमा भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगांवर ठेवला. अशा प्रयोगांतून संपूर्ण मंडळाचे सरासरी उत्पादन काढले जाते. त्यामुळे अरुंद पट्ट्यातील गारपिटीचे नुकसान सरासरीत झाकले जाण्याचा संभव असतो.

पूर्वसूचना व संरक्षण

भारतीय हवामान विभाग गारपिटीच्या शक्यतेचा जिल्हानिहाय इशारा एक-दोन दिवस आधी देऊ शकतो. परंतु नेमक्या कोणत्या शिवारात गारा पडतील हे रडारच्या साहाय्याने थोडा वेळ आधीच सांगता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप विजेचा इशारा देते. गारपिटीच्या वादळांत विजा असतातच. त्यामुळे झाडाखाली आसरा न घेता पक्क्या इमारतीत जाणे आवश्यक ठरते.

फळबागांवर गारपीटरोधक जाळी लावणे हा परिणामकारक उपाय आहे, मात्र तो खर्चिक असून ज्वारी-हरभऱ्याच्या विस्तीर्ण क्षेत्रासाठी व्यवहार्य नाही. स्फोटाच्या ध्वनितरंगांनी गारा रोखण्याचा दावा करणाऱ्या तोफांची उपयुक्तता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेली नाही. गारपिटीनंतर मोडक्या फांद्या छाटून बोर्डो मलम लावणे, शेतात साचलेले पाणी काढून देणे व बुरशीनाशकाची फवारणी करणे असे उपाय सुचवले जातात. या विषयावर बारामतीजवळील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने २०१४ च्या गारपिटीनंतर मार्गदर्शक पुस्तिका प्रकाशित केली.

कोरडवाहू शेतकऱ्यास सर्वांत सुलभ उपाय म्हणजे इशारा मिळताच काढणीस आलेले पीक कापून, गोळा करून झाकून ठेवणे. त्यासाठी इशारा वेळेवर पोहोचणे आणि त्या दिवशी मजूर उपलब्ध असणे या दोन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात.