कुठलं मुरुड?

डिसेंबरातल्या एका शनिवारी माझ्या मावसभावाला फोन आला. "आम्ही राजपुरीच्या जेट्टीवर उभे आहोत, तुमचं घर इथून किती लांब?" भावाचं होमस्टे मुरुडला आहे खरं, पण दापोलीजवळच्या मुरुडला, महर्षी कर्व्यांच्या. पाहुणे पोचले होते जंजिऱ्याच्या मुरुडला. मधे सावित्रीची खाडी आणि अख्खा एक घाटरस्ता.

"दादा, वेबसाइट काढली, हजार बॅकलिंकचं पॅकेज घेतलं, बारा हजार मोजले. तरी गुगलवर मी कुठेच नाही. आणि ज्यांना सापडतो ते भलतीकडे जातात," तो मला म्हणाला.

मी वेबसाइट उघडली. वर झोकदार अक्षरांत 'निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव'. खोल्यांचे दर आणि जेवणाचा मेनू फोटोत कोरलेला. 'दापोली' किंवा 'रत्नागिरी' हा शब्द औषधालाही नाही. पानाच्या तळाशी रिकामी जागा दिसली म्हणून माउस ओढला, तर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटलं: मुरुड बीच हॉटेल, हॉटेल मुरुड बीच, स्वस्त हॉटेल मुरुड... चाळीसेक वेळा.

ही युक्ती गुगलपेक्षा जुनी आहे. नव्वदच्या दशकातली शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द मोजत, म्हणून लोक शब्द कोंबत. 1998 मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी वेगळा हिशेब मांडला. शोधनिबंधाचं वजन जसं त्याचा दाखला किती जणांनी आणि कुणी दिला यावरून ठरतं, तसंच वेबपानाचं. एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक, म्हणजेच बॅकलिंक, हे एक मत, आणि वजनदार पानाचं मत जास्त मोलाचं. आता मत आलं की मतं विकत घेणारे आलेच. हे मराठी वाचकाला मी काय सांगू?

मोठमोठेही यात सापडले. 2006 मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गुगलनं काही दिवस यादीतूनच काढून टाकली, कारण शोधयंत्राला दाखवायला शब्दांनी ठासलेली वेगळी पानं आणि माणसांना दाखवायला वेगळी, असा कारभार होता. जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची गोष्ट तर आणखी मजेशीर. 2010 च्या नाताळ हंगामात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत काहीही शोधा, पेनी वर. सॅमसोनाइटच्या बॅगा शोधल्या तरी सॅमसोनाइटच्याही वर पेनी! न्यूयॉर्क टाइम्सनं खोदून पाहिलं, तेव्हा कपड्यांशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो वेबसाइटांवर पेनीच्या लिंका पेरलेल्या निघाल्या. फेब्रुवारी 2011 मध्ये गुगलनं कारवाई केली. बॅगांच्या शोधात संध्याकाळी सातला पहिली असलेली पेनी नऊ वाजता एकाहत्तरावी होती.

एप्रिल 2012 मध्ये 'पेंग्विन' नावाच्या बदलानं अशा लिंकांना यंत्रानंच पकडायला सुरुवात झाली. आता विकतच्या बहुतेक लिंका मोजल्याच जात नाहीत. भावाचे बारा हजार समुद्रात गेले म्हणायचे. मार्च 2024 पासून तर क्रमांकासाठी घाऊक पाडलेली निरुपयोगी पानंही गुगलच्या नियमांत स्पॅम ठरतात, मग ती माणसानं लिहिलेली असोत की एआयनं.

मग आम्ही काय केलं? आधी ती पांढरी अक्षरं पुसली. पानाचं शीर्षक बदलून 'मुरुड (दापोली), जि. रत्नागिरी: घरगुती जेवणासह होमस्टे' केलं. दर आणि मेनू फोटोतून काढून सरळ युनिकोडमध्ये टंकले. मजकूर यंत्राला वाचता न येणं हे मराठी वेबचं जुनं दुखणं आहे. युनिकोडआधीच्या फाँटमध्ये पडद्यावर 'मुरुड' दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं नि चिन्हं. यंत्राला ती निव्वळ गिचमीड. आपल्या कितीतरी दिवाळी अंकांचे उत्तम लेख अशा फाँटातल्या पीडीएफमध्ये पडून आहेत आणि शोधणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. ते पाहून जीव तुटतो.

दुसरं काम सर्च कन्सोलचं. गुगलचं हे साधन फुकट आहे. लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं, ते त्यात कळतं. भावाच्या यादीत 'अविस्मरणीय' कुणीच शोधत नव्हतं. लोक विचारत होते खेड स्टेशनवरून कसं यायचं, हर्णैचा मासळी लिलाव कधी असतो, शाकाहारी जेवण मिळेल का. बरेच जण मराठीच, पण रोमन लिपीत लिहून. मी त्याला म्हटलं, पाहुण्याला ओसरीवर बसून सांगतोस तेच लिही. त्यानं खेडहून येण्याचा रस्ता लिहिला, सुवर्णदुर्गाला बोट कुठून मिळते ते लिहिलं, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असल्यानं तेव्हा लिलावाच्या आशेनं येऊ नका, हेही लिहिलं. ते शेवटचं वाक्य मला फार आवडलं. गिऱ्हाईक परत पाठवणारं वाक्य स्पॅमवाला कधी लिहीत नाही.

बाकी किरकोळ. कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेले अगडबंब फोटो लहान केले, कारण गुगल पान जोखतं ते मुख्यतः त्याच्या मोबाइल रूपावरून आणि कोकणातली रेंज आपण जाणतोच. नकाशावरची खूण दापोलीच्या बाजारात होती, ती घरावर आणली. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत द्यायचा बेत मी मोडून काढला; ते नियमात बसत नाही. लिंका मात्र दोनच मिळाल्या. त्याच्याकडे उतरलेल्या पक्षिनिरीक्षकांच्या एका गटानं आपल्या सहलीच्या वृत्तांतात एक दिली, पुण्याच्या एका ट्रेकिंग क्लबनं दुसरी. दोन्ही न मागता.

पॅकेजवाल्याचा मधे पुन्हा फोन येऊन गेला, 'पहिल्या क्रमांकाची गॅरंटी' घेऊन. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनंच लिहून ठेवलंय. जाहिरातीचे पैसे भरले तरी खालच्या साध्या निकालांत त्याचा उपयोग नाही.

नुसतं 'मुरुड होमस्टे' शोधलं तर भाऊ अजून पहिल्या पानावर नाही. 'दापोली मुरुड घरगुती जेवण' शोधलं तर आहे. राजपुरीच्या जेट्टीवरून मात्र त्याला या बदलांनंतर एकही फोन आलेला नाही.