न उघडलेली पत्रे

दूरच्या माणसाचे पत्र यावे म्हणून पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसे आपण पुष्कळ पाहिली आहेत. पण पत्र आले, हातात पडले, तरी ते फोडण्याचा धीर होऊ नये, असा प्रसंग फार थोड्यांवर येतो. इंग्रज कवी जॉन कीट्सवर तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी आला.

भिंतीपलीकडची फॅनी

कीट्स डॉक्टरीचे शिक्षण घेतलेला. १८१६ मध्ये त्याला औषधोपचाराचा परवाना मिळाला होता, पण मन रमले ते कवितेत. १८१८ मध्ये त्याची अठरा वर्षांच्या फॅनी ब्रॉनशी ओळख झाली. पुढच्या वर्षी फॅनीचे कुटुंब लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे त्याच्या शेजारीच राहायला आले. एकाच इमारतीचे दोन भाग, मध्ये फक्त एक भिंत! १८१९ मध्ये दोघांनी लग्नाची वचने दिली. मात्र कवीच्या खिशात पैसा नव्हता आणि लग्न लांबणीवर पडत गेले.

३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री त्याला खोकल्यातून रक्त पडले. क्षयाने आई आणि धाकटा भाऊ टॉम गेलेला. रक्ताचा रंग पाहताच या शिकलेल्या वैद्याला आपले भविष्य कळून चुकले. भेटीगाठींवर बंधने आली. शेजारी राहूनही दोघे एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागले. फॅनी बाहेर पडली की तो खिडकीतून तिला पाहून घेई.

रोमचा प्रवास

इंग्लंडची थंडी सोसणार नाही, इटलीला जा, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. सप्टेंबर १८२० मध्ये चित्रकार मित्र जोसेफ सेव्हर्नबरोबर तो जहाजात चढला. निघताना फॅनीने त्याच्या प्रवासी टोपीला रेशमी अस्तर लावून दिले, एक पांढरा गुळगुळीत खडाही दिला. नेपल्सच्या बंदरात साथीच्या भीतीने जहाज दहा दिवस अडकवून ठेवले होते. तेथून त्याने पत्र लिहिले ते फॅनीच्या आईला. थेट फॅनीला लिहिण्याचे बळ त्याच्यात उरले नव्हते. शेवटी तिच्यासाठी निरोपाची एक ओळ तेवढी जोडली.

नोव्हेंबरात तो रोमला पोहोचला. उपचार कसले? रक्त काढायचे आणि अर्धपोटी ठेवायचे. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉखने दाखवले ते १८८२ मध्ये, आणि त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकातले. कीट्सच्या वाट्याला केवळ खडा होता. तो तासन्‌तास मुठीत धरून असे. फॅनीची पत्रे येत, पण तिचे अक्षर पाहूनच त्याचा जीव कासावीस होई. ती त्याने फोडलीच नाहीत. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्रे तशीच, बंद, त्याच्याबरोबर पुरली गेली.

तिने जपले

फॅनीने काही वर्षे शोकाचे कपडे वापरले. कीट्सच्या धाकट्या बहिणीशी पत्रव्यवहार ठेवून तिने तिला मायेचा आधार दिला. १८३३ मध्ये तिने लग्न केले, संसार केला, मुले वाढवली. मात्र कीट्सची पत्रे जिवापाड जपली. १८६५ मध्ये ती वारल्यावर मुलांनी ती बाहेर काढली आणि १८७८ मध्ये छापली गेली. तेव्हा टीकेची झोड उठली. खाजगी भावना चव्हाट्यावर मांडल्या, असे अनेकांचे मत पडले. तिला उथळ ठरवणारेही निघाले. पुढे तिने कीट्सच्या बहिणीला लिहिलेली पत्रे १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा समंजस, हळव्या मनाची फॅनी लोकांना दिसली.

कीट्सने तिला काय लिहिले, ते आज कोणीही वाचू शकतो. तिने रोमला काय लिहिले होते, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. ज्याच्यासाठी ते लिहिले, त्यालाही नव्हते.