खाजणातले पक्षी आणि हलकी दुर्बीण

हमरापूर म्हटले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांसमोर येतात. पण पेण तालुक्याच्या या भागात खाडी, खाजणे आणि भातखाचरेही आहेत. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडचे पाणपक्षी उतरतात. बांधावर उभे राहा. दोनशे मीटरांवर चिखलात चोच खुपसणारा तो पक्षी लाल टिलवा की हिरवा टिलवा? पायांचा रंग दिसला की उत्तर मिळाले. आठ पटींच्या द्विनेत्री दुर्बिणीतून तो नीट कळत नाही आणि चिखलात पुढे जाता येत नाही. अशा वेळी एका डोळ्याने पाहायची, वीस-तीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, हवा.

दुकानात बहुतेक जण ‘किती पट?’ असे विचारतात. तुम्ही आधी वस्तुभिंगाचा व्यास विचारा. व्यासाला पटींनी भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५० मिलिमीटरचे भिंग आणि २० पट, म्हणजे २.५ मिलिमीटर. दिवसा आपली बाहुली साधारण २ ते ३ मिलिमीटर उघडी असते, तेव्हा हे छान जमले. ४० पटींना झोत १.२५ मिलिमीटर उरतो. चित्र मोठे होते, पण काळवंडते. ८० मिलिमीटरचे भिंग अडीच पट प्रकाश गोळा करते हे खरे. मात्र त्या दुर्बिणीचे वजन दीड किलोच्या आसपास, शिवाय तिला तिपाईही जड लागते. ५० मिलिमीटरची दुर्बीण साधारण अर्ध्या किलोची. बांधावरून चालायचे तर मी हीच घेईन. ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरू लागते; मग जादा पटी तशाही फुकट जातात.

तिपाईत मात्र कंजूषी नको. दुर्बीण पक्ष्याबरोबर हाताचा कंपही तीस पट मोठा करते. तिपाईचे बारीक, खालचे पाय शेवटी उघडा, मधला दांडा वर काढू नका आणि वारा असेल तर त्याला दप्तर लटकवा. नेत्रभिंग तिरके असलेली दुर्बीण घेतलीत, तर तिपाई सर्वांत बुटक्या मित्राच्या उंचीला लावता येते. उंच मुले वाकून पाहतील. तिने सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.

भरती चढू लागली की पक्षी आपणच काठाकडे सरकतात, तेव्हा तेथे आधीच जाऊन बसा. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. या रविवारी सकाळी नऊला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्या वेळी जवळजवळ ओहोटी असेल. पुन्हा सकाळची भरती हवी तर पंधरवडा थांबा.