दाढ काढली, कळ राहिली

चिपळूणहून कराडकडे जाणारी एसटी कुंभार्ली घाटाला लागली की सगळ्यांना खिडकी उघडी हवी असते. एखादीच बाई काच ओढून घेते आणि पदर गालाशी घट्ट धरते. गार झुळूक लागली की तिच्या जबड्यातून कळ सण्णकन वर जाते. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. शेजारणीला पत्ताही लागत नाही.

हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. सलमान खानने 2011 साली आपल्याला तो असल्याचं सांगितलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी चेहऱ्याची. तिच्या तीन फांद्या: कपाळाला, गालाला, खालच्या जबड्याला. बहुतेकदा मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी या नसेला टेकते, ठोक्यागणिक घासते, आवरण झिजतं. वायर उघडी पडल्यासारखंच. मग दात घासणं, तोंड धुणं, भाकरीचा तुकडा चावणं, काहीही पुरतं.

खालच्या दोन फांद्या दातांपर्यंत जातात, म्हणून पहिला संशय दाढेवर. ती काढतात, कधी शेजारचीही. कळ जिथल्या तिथे.

एक्स-रेत हे दिसत नाही. एमआरआय करतात, पण निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होतं. आणि सांगायला मराठीत शब्दांची काय वाण! किडक्या दाढेचा ठणका असतो, गळू ठसठसतं, नस सणकते. अर्धशिशीत डोकं ठोके देतं, उजेड नकोसा होतो, मळमळतं, आणि हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं. ताणाने डोकं आवळून बांधल्यासारखं होतं. एवढी मिळकत घरी ठेवून आपण डॉक्टरांना सांगतो, ‘दुखतं हो.’

कारण न सापडणाऱ्या डोकेदुखीत तर हे फारच महागात पडतं. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुखलेल्या दिवसाला गोल करा, गोळी घेतली तर फुली. महिन्यात फुल्या दहा-पंधराच्या वर गेल्या, तर ती गोळीच डोकं दुखवत असू शकते. पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखू लागलं, कानशील दुखरं झालं, चावताना जबडा थकला किंवा नजर अंधारली, तर मात्र कॅलेंडर राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चेहऱ्याच्या कळेवर साध्या वेदनाशामकाचा फारसा उपयोग नाही. 1962पासून कार्बामाझेपिन वापरतात. ते मुळात फिटवरचं औषध, त्यामुळे ‘मला कुठे फिट येते?’ म्हणत काहीजण परस्पर बंद करतात. झोप येते, गरगरतं, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. एवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रिया: नस आणि रक्तवाहिनीच्या मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात.

कधी कळ महिनोन् महिने येतच नाही. ‘बरी झालीस की गं,’ घरचे म्हणतात. ती हसते. भाकरी मात्र अजून डाव्या बाजूनेच चावते.