चांदी काळी पडते, कड झिजते

दाढेत भरलेली ‘चांदी’ काळवंडली की ती आतून सडली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे, पण त्यामागची शंका अगदीच निराधार नाही. अन्नातले आणि लाळेतले गंधकयुक्त घटक चांदीशी संयोग पावतात आणि तिच्यावर सल्फाइडचा पातळ थर बसतो. देवघरातल्या चांदीच्या निरांजनावर बसतो तोच हा काळेपणा. त्याने ताकद घटत नाही; पॉलिश केले की तो जातो. खरा गंज वेगळा. तो सहसा नजरेला पडत नाही आणि फिलिंगच्या माथ्यापेक्षा कडेला जास्त काम करतो. म्हणून फिलिंग किती टिकेल याचा अंदाज रंगावरून नव्हे, कडेवरून बांधायला हवा.

हे समजायला त्या चांदीत काय असते ते पाहावे लागते. तिच्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेली चांदी, कथील आणि तांब्याची पूड. पारा आणि पूड एकत्र घोटली की पुडीचे कण वरवर विरघळतात आणि नवी संयुगे तयार होऊन मिश्रण घट्ट होते. त्यांतले चांदी-पाऱ्याचे संयुग बऱ्यापैकी टिकाऊ असते. जुन्या पद्धतीच्या मिश्रणात मात्र कथील-पाऱ्याचेही एक संयुग बनते, त्याला ‘गॅमा-२’ म्हणतात. ते सगळ्यांत मऊ आणि सगळ्यांत लवकर गंजणारे. शिवाय ते सुटे न राहता आत जाळ्यासारखे पसरते, त्यामुळे एका टोकाला लागलेला गंज त्या वाटेने खोलवर जातो आणि मागे पोकळ्या सोडतो.

सुरुवात कडेलाच का होते? दात आणि फिलिंग यांच्यामध्ये केसाहून बारीक फट राहते. तिथे लाळ साचते, प्राणवायू कमी पोहोचतो, क्लोराइड आणि आम्लता वाढते. लाळेतले क्षार वीज वाहून नेतात, त्यामुळे फट आणि उघडा पृष्ठभाग यांची जणू छोटी बॅटरीच बनते आणि फटीतला धातू खर्ची पडतो. त्यात या धातूचा एक जन्मजात दोष भर घालतो: दाब तो उत्तम सोसतो, पण ताण सोसण्याची त्याची ताकद त्या मानाने आठव्या-दहाव्या हिश्शाइतकीच असते. गंजाने पोखरलेली पातळ कड सुपारी चावताना वाकते आणि तुकडा उडतो. डॅनिश संशोधक योर्गेनसेन यांनी १९६५ मध्ये आणखी एक कारण सुचवले. गॅमा-२ गंजताना मोकळा झालेला पारा उरलेल्या कणांशी पुन्हा संयोग पावतो, धातू फुगतो आणि आधाराविना वर आलेली कड चावण्याच्या दाबाखाली मोडते.

यावर कोणी म्हणेल, गंज तर उपकारकही असतो. खरे आहे. कथिलाची ऑक्साइडे आणि क्लोराइडे फटीत साचून ती हळूहळू बुजवतात, आणि या धातूच्या दीर्घायुष्याचे ते एक कारण मानले जाते. पण हा लाभ गंज थोडा आणि वरवरचा असेपर्यंतच. आतले जाळे पोखरले गेले की बुजलेल्या फटीने मोडकी कड सांधत नाही. दुसरा आक्षेप असा की ही कहाणी जुनी झाली. तेही बऱ्याच अंशी खरे. १९६३ मध्ये कॅनडात इन्स आणि युडेलिस यांनी जादा तांब्याचे मिश्रण मांडले. त्यात कथील पाऱ्याऐवजी तांब्याला जाऊन मिळते आणि गॅमा-२ जवळपास उरतच नाही. पुढे अशा फिलिंगच्या कडा अधिक काळ शाबूत राहिल्या, आणि गंजाचा संबंध ताकदीशी आहे याचा हाच भक्कम पुरावा. तरी तांब्याचे संयुगही सावकाश गंजते. गती कमी झाली, क्रिया थांबली नाही.

पाऱ्याच्या प्रदूषणामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळता हे फिलिंग बंद केले. तो प्रश्न पर्यावरणाचा आहे, ताकदीचा नाही. तोंडात आधीच असलेली चांदी केवळ काळी दिसते म्हणून उकरून काढली, तर पाऱ्याची वाफ उडते आणि सोबत चांगला दातही खरवडला जातो. तपासणीला गेलात की डॉक्टरांना रंगाबद्दल नव्हे, कडेबद्दल विचारा: खाच पडली आहे का, तुकडा उडाला आहे का, खाली कीड लागली आहे का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर काळी चांदी आहे तिथेच राहू द्यावी.