घशाशी आलेले आम्ल आणि तज्ज्ञाची निवड

व्यापाऱ्याचे अर्धे भांडवल तिजोरीत असते आणि अर्धे वाणीत, हे सुलतान बाजारातील आमच्या बंधूंस सांगणे नलगे. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत मराठी, हिंदी, तेलुगू आणि दख्खनी बोलींत गिऱ्हाइकांशी बोलत राहावयाचे. तेथे घसा बसला म्हणजे धंद्यालाच खीळ बसते. म्हणूनच एका चिवट व्याधीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

वारंवार खाकरणे, आवाज घोगरा होणे, घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे, कोरडा खोकला येणे, ही लक्षणे जठरातील आम्ल घशापर्यंत चढल्याने उद्भवू शकतात. अन्ननलिकेच्या दोन्ही टोकांशी स्नायूंची द्वारे असतात. ती अवेळी सैल पडली की आम्ल व पेप्सिन हा पाचकरस वर येतो आणि स्वरयंत्राचे नाजूक अस्तर दुखावते. पुष्कळ रुग्णांस छातीत जळजळ मुळीच होत नाही. त्यामुळे जावे कोणाकडे, हा प्रश्न पडतो.

आमचे मत असे की, लक्षण घशाचे असेल तर प्रथम कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जावे. कोठी येथील सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय तर आपल्या बाजाराच्या अगदी निकट आहे. तेथे जावयाचे कारण केवळ आम्ल शोधणे हे नव्हे. त्याहून भयंकर रोग नाही, याची खात्री करून घेणे हे होय. आवाज चार आठवडे बसलेलाच राहिला, तर बारीक दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहून घ्यावे. गिळताना त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ, एकाच कानात ठणका किंवा अकारण वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही दवडू नये. तंबाखू, जर्दा वा गुटखा खाणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. ‘पित्त आहे’ म्हणून गोळ्या घेत काढलेले महिने कर्करोगात फार महाग पडतात.

मात्र घशात लाली दिसली म्हणजे आम्लच कारण, असे ठरत नाही. अॅलर्जी, दमा, आवाजाचा अतिवापर यांनीही तसेच दिसते. येथे पोटविकारतज्ज्ञाचे काम सुरू होते. छातीत जळजळ वा आंबट ढेकर असल्यास काही आठवडे औषध देऊन पाहणे योग्य असते. केवळ घशाचीच तक्रार असेल, तर दीर्घ औषधोपचारापूर्वी आम्लाची तपासणी करावी, असा सल्ला अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2022 साली दिला. नाकावाटे बारीक नळी घालून चोवीस तास आम्लाची नोंद घेणारी ही तपासणी होय. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत, घशाच्या जुनाट तक्रारींवर आम्लरोधक लान्सोप्राझोल हे औषध निव्वळ फसव्या गोळीहून अधिक गुणकारी ठरले नाही. तेव्हा गोळ्यांनी गुण न आल्यास मात्रा वाढवीत न बसता निदान पुन्हा तपासून घ्यावे. चालताना छातीत दाब वाटून घाम येत असेल, तर मात्र हृदयरोगतज्ज्ञच गाठावा.

चांगला तज्ज्ञ कसा ओळखावा? जो आधी आपले ऐकून घेतो, दुसऱ्या शाखेच्या वैद्याकडे पाठविण्यात कमीपणा मानीत नाही आणि औषध किती दिवस व कधी थांबवावयाचे हे स्पष्ट सांगतो, तो. बहुतेक आम्लरोधके जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असतात. म्हणून उपवास असल्यास तसे त्यांस आधीच सांगावे.

जेवण व निद्रा यांत तीन तासांचे अंतर ठेवा, असे वैद्य सांगतात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या आमच्या घरांत हे पथ्य आपोआप पाळले जाते. दुकानाच्या धबडग्यात ते सुटू लागले असेल, तर पुन्हा धरावे. परंतु पथ्य हे तपासणीचा पर्याय नव्हे, हेही विसरू नये. मालाची पारख करणाऱ्या बंधूंनी आपल्या घशाच्या बाबतीतही तितकीच पारख दाखवावी, एवढीच आमची विनंती.